वळचणीचं पाणी आढ्याला

पहिला थेंब पायाच्या अंगठ्यावर पडला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले असतील. दुसरा पडेपर्यंत मी पाय आखडून घेतले होते, तो गादीत जिरला. तिसऱ्यासाठी मोबाइलचा उजेड लावून वाट बघत बसले. छत कोरडं. भिंत कोरडी. खिडकीची चौकटही कोरडी. आणि तिच्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या टोकाला मात्र थेंब फुगत होता, लोंबत होता, पडत होता. दर पंधरा-वीस सेकंदांना एक. बाहेर आषाढ कोसळत होता, आणि आम्ही तिघं वैशाखऱ्यात एका घराच्या अंगणात, चाकांवरच्या घरात झोपलो होतो.

हे घर माझ्या मित्राचं. तो डोंबिवलीचा, पेशाने इंजिनिअर, स्वभावाने हट्टी. जुन्या मिनीबसची चेसिस घेऊन त्याने तिच्यावर दोन वर्षं खपून कॅराव्हॅन बांधून घेतली. ओटा, बेसिन, दोन पलंग, टपावर पंखा. इथपर्यंत ठीक होतं. पण अशा गाडीत तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने बाहेर जावं लागतं, म्हणून त्याने एका बाजूला स्लाइड करून घेतली. म्हणजे त्या बाजूच्या भिंतीचा तुकडा, खिडकी आणि पलंगासकट, बाहेर सरकतो. काडेपेटीचं आतलं खोकं अर्धं ओढावं तसा. बटण दाबलं की मोटर कुरकुरते आणि अर्ध्या मिनिटात गाडी अडीच फुटांनी रुंद होते. बघायला जमलेली पोरं टाळ्या वाजवतात.

ही कल्पना अमेरिकेतली. तिथे न्यूमार नावाच्या कंपनीने १९९०च्या सुमाराला मोटरहोमला अशी सरकती खोली दिली आणि मग सगळ्यांनीच ती उचलली. आपल्याकडे बाजूने रुंदावणारी गाडी पाहिली असेल तर ती बहुधा चित्रीकरणाच्या जागी, वॅनिटी व्हॅनच्या रूपात. हौसेखातर गाडीत राहणारे अजून थोडे. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मात्र ‘अशी गाडी केवढ्याला पडते’ हा प्रश्न लग्नाकार्यांतही ऐकू येऊ लागला. गाडी केवढ्याला पडते हे कोणीतरी सांगतं. ती गळते कुठे हे कोणी सांगत नाही.

गळणार ती सांध्यात, हे उघडच आहे. मित्राची स्लाइड सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच. भोवतीचा सांधा झाला बावीस फुटांचा. घराच्या दाराचा सांधासुद्धा एवढा लांब नसतो, आणि दाराला वर छज्जा असतो. हा सांधा उघड्यावर, चालत्या गाडीबरोबर हादरणारा, आणि रोज दोनदा आत-बाहेर घासणारा. त्याच्यावर रबराच्या दोन ओळी असतात. एक जिभेसारखी पातळ पट्टी, गाडीच्या वायपरसारखी, खोकं आत-बाहेर होताना त्याचं अंग पुसणारी. दुसरी पोकळ, गोल, बोटाएवढी. खोकं पूर्ण उघडलं किंवा पूर्ण मिटलं की चौकटीखाली दबून बसणारी. वायपर पाणी खरवडतो, गोल रबर वारा अडवतं. दोघांच्या मध्ये खाली एक पन्हळ असते आणि पन्हळीला छोटी भोकं. ती भोकं कशासाठी, हे मला त्या रात्री माहीत नव्हतं. मित्राला माहीत असायला हवं होतं. गॅरेजवाल्याला तर नक्कीच.

कारण गळती जुनी होती. मेमधल्या वळवातच गाडी पहिल्यांदा ठिबकली आणि मित्राने ती शहरातल्या एका गॅरेजात दिली. तिथल्या माणसाने आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. सिलिकॉनच्या तीन नळ्या घेतल्या आणि जिथे जिथे रेघ दिसली तिथे तिथे भरल्या. आतून भरलं, बाहेरून भरलं, कोपऱ्यात बोटाने सारवलं. वर रबर ‘मऊ राहावं’ म्हणून त्याला इंजिन ऑइल चोळून दिलं. पैसे फार घेतले नाहीत. जूनचा पाऊस गाडीने कोरडा काढला, आणि मित्राचा विश्वास बसला.

आता वैशाखरे. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे असं करत महामार्ग माळशेजकडे निघतो, त्या वाटेवरचं हे गाव. पुढे मोरोशी आणि मग घाट. नाणेघाटाची जुनी वाट इथून जवळच रानात शिरते. जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याकडे उतरायचा ती वाट, सातवाहनांच्या काळातली. वर घाटमाथ्यावर गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दगडी रांजण आहे, वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पण पावसाळ्यात इथे येणारी बहुतेक मंडळी राणीसाठी येत नाहीत. ती येतात उलटा धबधबा बघायला.

पश्चिमेकडून समुद्रावरचा वारा कोकणपट्टी ओलांडून येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो. भिंतीला नाणेघाटाची खाच. वारा खाचेत कोंडतो, वेग धरतो आणि वर उसळतो. कड्यावरून खाली पडायला निघालेलं पाणी तो मध्येच उचलून पुन्हा माथ्यावर भिरकावतो. खालून पाहिलं तर धबधबा धूर होऊन आभाळात जाताना दिसतो. आपल्याकडे न घडणाऱ्या गोष्टीला ‘वळचणीचं पाणी आढ्याला गेलं’ म्हणतात. ती म्हण ज्याने केली तो माणूस या पट्ट्यातला नसावा.

आणि आम्ही काय केलं होतं, तर नेमकी त्या वाऱ्याकडे तोंड करून स्लाइड उघडली होती. पलीकडच्या बाजूला गोठा होता म्हणून.

सकाळी उघडीप मिळाली. ज्यांच्या अंगणात गाडी होती ते घर नाणेघाटला जाणाऱ्यांना पिठलं आणि तांदळाची भाकरी करून देतं. आवणीचे दिवस, तरणी मंडळी पहाटेच शेतात गेलेली. घरी होते ते म्हातारे बाबा, सत्तरीपुढचे, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, हातात चहाची बशी. उमेदीत त्यांनी पंचक्रोशीतली घरं शाकारली होती. ओली गादी बाहेर येताना पाहून त्यांनी कुठे गळतं हे विचारलंच नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते.

‘ताई, झड कुठल्या अंगानं होती?’

‘या. म्हणजे पश्चिमेकडून.’

‘पाऊस लागल्यावर किती टायमानं पडाया लागलं?’

मी झोपेत होते. पण मित्राची बायको जागी होती, तिला आठवत होतं. जोराची सर आली आणि वीसेक मिनिटांनी.

‘आन पाऊस थांबल्यावर?’

तासभर तरी ठिबकत होतं.

बाबांनी बशी खाली ठेवली. ‘मंग पानी कुठंतरी साठलंय. आधी ते बघा.’

मी माझ्या कामात पंचवीस वर्षं प्रश्न विचारते आहे, पण इतके नेमके तीन प्रश्न क्वचित ऐकलेत. वारा कुठून, हे कळलं की बावीस फुटांतली निम्मी लांबी तपासायची गरज उरत नाही. पाणी उशिरा आलं तर शिरकाव दूर आहे, ते आतल्या आत चालत आलंय. पाऊस थांबल्यावरही पडत राहिलं तर वाटेत कुठेतरी डबकं आहे. डॉक्टर ताप कधी चढतो, कधी उतरतो विचारतात, तसंच हे. गॅरेजात असा एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिथे पहिला प्रश्न होता, ‘कलर कुठला टाकू, व्हाइट की ट्रान्सपरंट?’

बाबांचं स्वतःचं घर हा या विषयावरचा चांगला धडा होता. मूळ घर कौलारू. पूर्वी नळीची कौलं होती, कुंभाराने चाकावर घडवलेली. दर वैशाखात उतरवून, फुटकी काढून, पुन्हा चाळायची. पुढे मंगळुरी कौलं आली. बासेल मिशनने १८६५मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढला, त्या घराण्यातलं हे कौल. ते उलटं धरून पाहिलंत तर कडेला खाचा दिसतात. दोन कौलांच्या फटीत पाणी शिरणार हे करणाऱ्याने धरूनच ठेवलंय. शिरलेलं पाणी खाचेतून खाली वाहतं आणि खालच्या कौलाच्या पाठीवर जाऊन पडतं. हजार फटी असलेलं छप्पर कोरडं राहतं ते त्यामुळे.

घरापुढची पडवी मात्र नंतरची, पत्र्याची. म्हणजे जुन्या घराला जोडलेली नवी खोली, आमच्या स्लाइडची स्थिर बहीणच म्हणा. बाबांनी सांधा दाखवला. पत्रा वळचणीच्या कौलांखाली चांगला वीतभर आत सरकवलेला, आणि मध्ये काहीही भरलेलं नाही, बोट जाईल एवढी फट मोकळी. शेजारच्या घरी हाच सांधा सिमेंटने लिंपून टाकलाय. दर वर्षी चिरतो, दर वर्षी लिंपतात. उन्हाने तापलेला पत्रा आणि सरीने गारठलेला पत्रा यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने चार मीटरचा पत्रा जवळजवळ २ मिलिमीटर लांबतो-आखडतो. सिमेंट लांबत नाही. बाबांना मिलिमीटर ठाऊक नव्हते. ‘पत्रा हलतो’ एवढंच ते म्हणाले, आणि तेवढं पुरेसं होतं.

मग तपास सुरू झाला. मित्र इंजिनिअर असल्यामुळे त्याला आधी निर्दोष लोकांना सोडून द्यायचं होतं. पहिला संशयित, श्वास. हे हसण्यावारी नेऊ नका. बंद गाडीत झोपलेली तीन माणसं रात्रभरात अर्ध्या लिटरच्या वर पाणी नुसत्या उच्छ्वासातून आणि घामातून हवेत सोडतात, त्यात चहाची वाफ वेगळी. ती वाफ थंड ॲल्युमिनियमवर बसते आणि माणूस गळती समजून सिलिकॉन आणायला धावतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. संशयित जागा पुसून तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवायचा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला ओल धरली तर ती वाफ, भिंतीकडच्या बाजूला धरली तर पाणी मागून येतंय. आमची ओल मागच्या बाजूला होती. दुसरा संशयित, गाडीतलीच नळजोडणी. पंप बंद केला, टाकीचा कॉक बंद केला, अर्धा तास थांबलो. नळी कोरडी. सुटला.

तिसरी तपासणी दहाच्या नोटेची. स्लाइड मिटवून रबर आणि चौकट यांच्यामध्ये नोट सरकवायची आणि हळूच ओढायची. रबर दाबून धरत असेल तर नोट कुरकुरत येते. नसेल तर अलगद सुटते. वरच्या कडेला नोट फाटेल अशी अडकली. खाली दोन्ही कोपऱ्यांत मात्र लोण्यातून यावी तशी आली. तिथे दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या होत्या आणि तेल पिऊन रबर फुगून वेडंवाकडं झालं होतं. या कामाला बहुधा ईपीडीएम जातीचं रबर वापरतात. ते ऊन आणि पाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल त्याला सोसत नाही. त्याला हवा सिलिकॉनचा फवारा, किंवा काहीच नको. गॅरेजातल्या त्या एका बोटभर ऑइलने रबराचं आयुष्य किती घटलं ते देव जाणे.

मग पाणी. इथे घाई करणारा हमखास फसतो. पाइप घेऊन वरून धो धो सोडलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. पाणी खालून सुरू करायचं. आधी खालची कड दहा मिनिटं, मग बाजू, मग वरची कड. आत एकजण बॅटरी घेऊन. बाबांनी यात भर घातली. त्यांनी घरातून वाटीभर तांदळाचं पीठ आणलं आणि आतल्या पट्टीवर, खिडकीखाली, रांगोळीसारखी रेघ ओढायला लावली. पाणी जिथून येईल तिथे पीठ आधी काळवंडतं. कौलांखालच्या वाशावर ते असंच पीठ टाकत.

पाऊण तास पाणी सोडलं. पीठ पांढरंशुभ्र.

गळतीचा हा स्वभाव बाईच्या डोकेदुखीसारखा आहे, डॉक्टरकडे गेलं की थांबते. मित्र वैतागला. बाबा मात्र गालात हसत होते. ‘वारा कुठंय?’ म्हणाले.

खरंच, वारा कुठे होता. इथे थोडं गणित सांगायला हवं, मलाही ते मित्राने त्या अंगणात कागदावर करून दाखवलं तेव्हा पटलं. ताशी ४० किलोमीटरचा वारा भिंतीवर सरळ आदळला तर त्याचा दाब पाण्याला साडेसात मिलिमीटर वर ढकलू शकतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरला १७ मिलिमीटर, ८०ला ३०. आमच्या स्लाइडच्या खालच्या पन्हळीचा आतला काठ मोजला. १२ मिलिमीटर. शहरात, इमारतींच्या आडोशाला, १२ मिलिमीटरचा काठ पुरेसा होता. घाटाखालच्या झोताला तो उंबरा ओलांडणं काहीच नव्हतं. त्यात पाण्याचा आणखी एक गुण. फट बारीक असली की ते आपणहून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. अर्ध्या मिलिमीटरची स्वच्छ ओली फट पाण्याला जवळपास तीन सेंटिमीटर उचलते. म्हणजे सांधा जितका आवळून भरायला जावं आणि केसाएवढी चीर राहावी, तितकी ती चीर पाणी अधिक उंच ओढते. बाबांच्या पडवीतली बोटभर फट यासाठीच शहाणी.

आणि आम्ही रात्रभर टपावरचा पंखा चालू ठेवला होता, हवा बाहेर फेकणारा. आतली हवा कमी, बाहेर वाऱ्याचा जोर. पाण्याला आम्हीच आत बोलावत होतो.

वारा कुठून आणायचा? उत्तर महामार्गावर पंक्चर काढणाऱ्या पोराने दिलं. तो स्लाइड बघायला म्हणून आला होता, विशीचाही नसेल. ‘सर, ट्यूबसारखं करू ना,’ म्हणाला. ‘आतून हवा भरा, बाहेरून साबण लावू.’ टपावरच्या पंख्याला उलटा फिरवायचं बटण होतं. खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीला चिकटपट्टी लावली, पंखा हवा आत खेचू लागला. पोराने बादलीत कपड्याचा साबण फेसवला आणि रंगाच्या ब्रशने सांध्यावरून फिरवत निघाला. अमेरिकेत या तपासणीसाठी खास यंत्र घेऊन येणारे लोक असतात आणि ते त्याचे बरेच पैसे घेतात. यंत्रात असतं एवढंच, एक पंखा आणि साबणाचं पाणी.

खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुडबुडे आले, तिथे नोट आधीच सैल लागली होती. पण सगळ्यांत मोठा फुगा आला भलतीकडेच. वर, उजव्या टोकाला, कडेची शोभेची पट्टी जिथे स्क्रूने आवळली होती तिथे. तीन स्क्रूंपैकी एक आत फिरत होता, त्याने पकड सोडली होती. ती पट्टी पोकळ. तिच्यात शिरलेलं पाणी आडवं चालत, उभ्या चौकटीतून उतरत, खिडकीखालच्या पट्टीच्या टोकाला येत होतं. भोकापासून माझ्या अंगठ्यापर्यंत सरळ अंतर सात फूट. वीस मिनिटं लागली त्याचं नवल नाही.

म्हणजे दोन गळत्या होत्या, एक खालची आणि एक वरची, आणि त्या एकाच ठिकाणी ठिबकत होत्या. एक बुजवली की दुसरीमुळे वाटतं, काम फुकट गेलं. माणसं इथेच धीर सोडतात.

पण तासभर ठिबकणारं डबकं अजून सापडलं नव्हतं. खालच्या पन्हळीवर साबण फिरवला तेव्हा मधल्या भागात एकही बुडबुडा आला नाही. मित्र खूश. पंक्चरवाला म्हणाला, ‘सर, इथं भोकं असणार, हवा यायला पाहिजे.’ त्याने नखाने सिलिकॉन खरवडलं. खाली चार भोकं होती, प्रत्येक करंगळी जाईल एवढं. चारही पद्धतशीर बुजवलेली. ब्लेडने पहिलं उघडलं तशी तपकिरी पाण्याची धार लागली, कुजक्या लाकडाच्या वासाची. तांब्याभर तरी निघालं असेल.

बाबा वाकून बघत होते. ‘मोरी बुजवली की वो तुमी,’ म्हणाले.

मोरी. आम्ही तिघं शिकलेली माणसं ‘वीप होल’, ‘ड्रेन’ असे शब्द शोधत होतो. घराला मोरी असते, पाणी सांडणार म्हणून असते. मुंबईतल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने छोट्या चिरा असतात. त्यात धूळ बसली किंवा रंगाऱ्याने रंग भरला की जुलैत रूळ तुडुंब भरतो आणि पाणी हॉलमध्ये येतं. मग आपण खिडकी बनवणाऱ्याला नावं ठेवतो. या भोकांचं आणखी एक काम असतं, ते मित्राने नंतर समजावलं. ती उघडी असली की पन्हळीतली हवा आणि बाहेरची हवा एकाच दाबाची राहते. दाबात फरक नसला की वाऱ्याला पाणी आत ढकलायला जोर मिळत नाही. पाणी अडवायचं काम बाहेरच्या ओळीवर नाहीच. तिने शिरू द्यायचं आणि खाली सोडायचं. हवा अडवायची आतल्या ओळीने. गॅरेजवाल्याने दोन्ही ओळींकडून एकच काम करून घ्यायचा प्रयत्न केला आणि दोन्ही बिघडवल्या.

हे फक्त हौशी गाड्यांपुरतं नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, मुंबईला पाणी देणारं. धरणाच्या खालच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, तो विषय वेगळा, आणि अधिक मोठ्या गळतीचा. तर अशा धरणांच्या लोखंडी दरवाज्यांच्या कडांनाही रबर असतं, आणि त्याचा आकार आमच्या स्लाइडच्या रबराशी मिळताजुळता. एका टोकाला गोल गोळा, दुसऱ्या टोकाला चपटी शेपटी, संगीताच्या पाश्चात्त्य खुणेसारखा. त्यामुळे अभियंते त्याला म्युझिक नोट सील म्हणतात. ते असं बसवतात की मागच्या पाण्याच्या दाबानेच ते चौकटीवर अधिक आवळलं जावं. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरचं रबर असंच वागतं, वाफ जितकी जोरात तितकं ते घट्ट. आणि एवढं करूनही दरवाजा थोडं पाझरणार हे मान्य केलेलं असतं. एक मीटर रबरामागे मिनिटाला किती लिटर चालेल, याची मर्यादाच ठरवून देतात. शून्य लिटर कोणी मागत नाही.

दुपारी दुरुस्ती झाली. फार थाटाची नाही. चारही मोऱ्या मोकळ्या केल्या. बाहेरचं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं, त्यात दोन तास गेले, कारण सिलिकॉनवर दुसरं काहीच धरत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही. कण राहिला की नवा थर तिथून सुटतो. वरच्या सैल स्क्रूसाठी पंक्चरवाल्याने टायरच्या जुन्या ट्यूबमधून चकत्या कापल्या आणि वायसरसारख्या खाली बसवून जरा जाड स्क्रू आवळला. ट्यूब ब्युटाइल रबराची असते, हवा धरून ठेवण्यासाठी. कॅराव्हॅनच्या कडपट्ट्यांखाली घालायची जी महागडी चिकट पट्टी मित्राने ऑनलाइन मागवली होती आणि वेळेत पोचली नव्हती, तीही ब्युटाइलचीच. पोराने तीस रुपये घेतले. मित्राने शंभर दिले तर परत करायला लागला.

राहिला उतार. बाबांनी बागेची पारदर्शक नळी पाण्याने भरून आणली, गवंडी लावतात तशी, आणि गाडीच्या दोन बाजूंना धरायला लावली. स्लाइडची बाजू दोन इंचांनी उंच. म्हणजे तिच्या छोट्या टपावर पडलेलं पाणी बाहेर पडण्याऐवजी गाडीच्या पोटाकडे येत होतं, आणि त्यावर सागाची पानं साचून बांध घातल्यासारखी झाली होती. पलीकडच्या चाकांखाली फळ्या सरकवल्या, गाडी थोडी मागेपुढे करून स्लाइड बाहेरच्या अंगाला अर्धा-पाऊण इंच उतरती केली. बाबा म्हणाले, पडवीला उतार घरापेक्षा कमी नको, पाणी आळशी होतं. आणि स्लाइड मिटवण्याआधी टपावरून केरसुणी फिरवायची, हे मित्राच्या बायकोने तिथल्या तिथे स्वतःसाठी नियम म्हणून लिहून घेतलं. ओला टप पानांसकट आत घेतला की वायपर दुमडतो आणि दुसऱ्या दिवशी उलटा उघडतो.

गाडी फिरवून वाऱ्याकडे पाठ करावी, असंही मी सुचवलं. मित्र तयार झाला नाही. त्याला बघायचं होतं.

त्या रात्री वारा आदल्या रात्रीहून जोरात होता. अंधारात घाट दिसत नव्हता, पण वरून एक सलग घोंगावणं ऐकू येत होतं. आम्ही तिघंही जागे. मित्र बॅटरी त्या पट्टीच्या टोकावर धरून, एखाद्या रुग्णाच्या उशाशी बसावं तसा. पन्हळीच्या मोऱ्यांतून पाणी खाली पडत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. साडेतीनला पट्टीच्या टोकाला एक थेंब दिसला. बराच वेळ लोंबला. पडला नाही, वाळला. चारला आणखी एक आला आणि तो पडला. मग नाही.

सकाळी बाबांनी विचारलं, ‘गळलं?’ एक थेंब, आम्ही सांगितलं. ते बैल सोडायला गोठ्याकडे निघून गेले.

खरं काम दसऱ्यानंतर झालं. खालच्या कोपऱ्यांचं रबर नवीन घातलं. या वेळी पट्ट्या तोडून न जोडता, आधीच वळवून साचात घडवलेला कोपरा मागवला. स्लाइडच्या फरशीची प्लाय उचकटली तेव्हा कडेचा तीन इंचांचा भाग स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जात होता, चहात बुडवलेल्या खारीसारखा. साधी कमर्शियल प्लाय वापरली होती. आता तिथे आयएस ७१० शिक्क्याची मरीन प्लाय बसवली, कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजून, कारण प्लायला पाणी लागतं ते पाठीवरून कमी आणि कापलेल्या कडेने जास्त.

जुनी प्लाय काढताना तिच्याखाली वैशाखऱ्याचं पीठ निघालं. फटीतून आत उतरून पाण्याबरोबर वाहत गेलेलं, वाळलेलं, खालच्या कोपऱ्यापासून मोरीपर्यंत पांढरी वळणदार रेघ. पाण्याची अख्खी वाट त्यात आखलेली होती. आणि त्या वाटेने मुंग्यांची रांग चालली होती, आम्ही मोकळ्या केलेल्या चार भोकांतून आत. आता त्या मोऱ्यांना जाळी बसवायची की नाही यावर मित्राच्या घरी वाद चालू आहे. जाळीत केर अडकतो, हे त्याचं म्हणणं. साखरेचा डबा त्याच्या बायकोने तेवढ्यात स्लाइडच्या बाजूने उचलून पलीकडच्या फळीवर ठेवला आहे.